उशिरा आलेली हाक

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून मी गेली कित्येक वर्षं टिकल्यांची पाकिटं नेते. मोठ्या, मखमली, लालभडक टिकल्या. आता तसल्या कुणी लावत नाही, म्हणून मालक खास माझ्यासाठी मागवून ठेवतात. माझ्या कपाळावर मात्र आठीखेरीज काही नसतं. इतकी वर्षं त्या भल्या माणसानं मन आवरलं, पण परवा पाकीट हातात देताना त्यांना राहवलं नाही.

"ताई, एक इचारू? राग मानू नका. एवढ्या टिकल्या लावतासा तरी कुठं?"

"गुडघ्याला," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि घाईघाईनं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. बाईंचं वय झालंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. तेव्हा दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असा आग्रह झाल्यावर मी लगेच हो म्हटलं. निदान त्या दुकानदारांची शंका तरी फिटेल.

मी फिजिओथेरपिस्ट. हा शब्द आमच्या जिल्ह्यात अजून कुणी एका दमात पूर्ण म्हटलेला मी ऐकला नाही. मला 'शेकाच्या बाई' म्हणतात, 'व्यायामाच्या मॅडम' म्हणतात. नेसरीहून येणाऱ्या एका आजोबांनी 'मालिशवाल्या वैनी' असं नाव ठेवलं होतं आणि मी त्यांना उभ्या जन्मात मालिश केलेलं नव्हतं. इस्पितळातली नोकरी संपल्यावर राजारामपुरीत एक खोली घेतली. तिच्यात एक मोठा आरसा, जाड गाद्या आणि सुताराकडून करून घेतलेला भक्कम लाकडी स्टूल आहे. या स्टुलावरून मी माणसांना उड्या मारायला लावते. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटना आतून फक्त धप् धप् आवाज आणि माझं ओरडणं ऐकू येतं. त्यामुळे नवी माणसं आत येताना जरा दबकतच येतात.

लोकांना वाटतं, उडी म्हणजे वर जाणं. प्रेक्षक वर गेलेल्या माणसाला टाळ्या वाजवतात, फोटोही तेव्हाचाच काढतात. गुडघ्याला विचाराल तर तो सांगेल, वर जाण्यात माझं काही जात नाही, जे काय व्हायचं ते खाली येताना होतं. गुडघ्याच्या आत दोरीसारखा एक बंध असतो. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून तो धरून ठेवतो. खेळाडू त्याला 'लिगामेंट' म्हणतात आणि तो तुटला की 'लिगामेंट गेलं' म्हणतात, घरातलं माणूस गेल्यासारखं. नवल असं, की पुष्कळदा तो कुणी धक्का दिल्यामुळे तुटत नाही. खेळाडू एकटाच उडतो, एकटाच उतरतो, उतरताना गुडघा आतल्या बाजूला पडतो आणि संपतं.

हा आत पडणारा गुडघा डोळ्यानं नीट पकडता यावा म्हणून टिकली. ती मी एका पैलवानामुळे शिकले. त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर मी पेनानं खूण केली, तर तालमीतलं तेल अंगात इतकं मुरलेलं, की खूण टिकेना. पर्समध्ये भाचीसाठी घेतलेलं टिकल्यांचं पाकीट होतं. त्यातली एक काढून त्याच्या गुडघ्याच्या बरोबर मध्ये चिकटवली. गडी ताडकन उठून बसला.

"बाई, काय बी करा पर ह्ये नगं! वस्तादांनी बगितलं तर तालमीतनं भाईर काढतील."

पडदा लावला, दाराला कडी घातली, तेव्हा कुठे तो स्टुलावर चढला. समोर आरसा होता. उडी मारून उतरला आणि टिकली सरळ पुढे जाण्याऐवजी सुळकन दुसऱ्या गुडघ्याकडे सरकली. त्यालाही ते दिसलं. "आयला, ही तर आत पळाली की!" असं तो इतक्या मोठ्यानं ओरडला, की बाहेरचे दोघे उठून दारापाशी आले. मी आठवडाभर समजावूनही जे त्याला कळलं नसतं ते त्या टिकलीनं एका उडीत सांगितलं. निघताना ती काढायला मात्र तो विसरला आणि तसाच संध्याकाळी आखाड्यात उतरला. पुढे काय झालं असेल ते ज्यानं तालीम पाहिली आहे त्याला सांगायला नको. दोन दिवसांनी त्याचे वस्ताद स्वतः माझ्या दारात उभे. मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते. वस्ताद बसले, मिशीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "माजं बी ढोपर दुकतंय. पर मला टिकली नगं. अष्टगंधाचा ठिपका चालंल."

तेव्हापासून माझ्या खोलीत कबड्डीवाले, फुटबॉलवाले, खो-खोच्या मुली, सगळ्यांच्या गुडघ्यांना मळवट भरला गेला. या कामानं मला पुष्कळ काही दिलं, पण सगळ्यात जास्त दिलं ते या असल्या माणसांनी. दुखणं घेऊन आली आणि जाताना मला शहाणं करून गेली.

त्यातला एक गोलकीपर. आमच्या शहरात पेठेच्या संघाचा गोलकीपर म्हणजे काय चीज असते हे बाहेरच्यांना कळणार नाही. सामना हरला तर त्या पोराला दूध आणायला गल्लीतून जाता येत नाही. हा गडी गुडघा लचकला म्हणून आला होता. स्टुलावरून उडी मारली की टिकली नाकासमोर. किती वेळा करून घेतलं, तरी बोट ठेवायला जागा नाही. मी एक, दोन, तीन म्हणायची, तो उडायचा. शेवटी कंटाळून मी एकदा तो हवेत असतानाच ओरडले, "डावीकडं पळ!" तो उतरला, डावीकडे वळायला गेला आणि टिकली आत.

"हे चीटिंग हाय मॅडम!" तो भडकला. "आदी सांगायचं की!"

"मैदानावर चेंडू आधी सांगून येतो का रे?"

हे तोंडातून निघालं आणि मीच त्याच्या टिकलीकडे पुन्हा बघितलं. कारण या धंद्यातली मोठी गोष्ट त्या क्षणी माझ्यापुढे उभी होती. माणसाचे पाय जमिनीला लागायच्या आधीच मांडीचे स्नायू तयारीला लागलेले असतात. कुठं उतरायचं, मग कुठं वळायचं, हे आधी माहीत असेल तर तयारी पुरी होते, गुडघा छान वाकतो आणि भार झेलतो. पण हुकूम हवेत असताना आला, तर तो ऐकायला, समजायला, ठरवायला आणि पायापर्यंत पोचवायला वेळ लागतो, आणि तेवढ्यासाठी हवेत थांबता येत नाही. मग गुडघा ताठच्या ताठ उतरतो आणि आत कोलमडतो. घरोघरच्या बायकांना मी हे पाहुण्यांवरून सांगते. पावणं येणार हे सकाळी कळलं तर भाकरी, कालवण सगळं वेळेवर होतं. तेच दारात उभे राहिल्यावर कळलं की हात भाजतो. स्वयंपाक करणारी तीच असते, चूलही तीच असते, फक्त वेळ नसतो.

मी गोलकीपरला एकच वाक्य पाठ करायला लावलं: आधी उतर, मग वळ. हाक कितीही उशिरा येवो, पहिल्यांदा दोन्ही पायांवर नीट उतरायचं, मग काय गोंधळ घालायचा तो घाल. तो घरीही आरशासमोर हेच करायचा. आईनं शेजारणीला सांगितलं, पोराचं डोकं फिरलंय, टिकली लावून उड्या मारतंय.

आता सुजाताबद्दल लिहायला हवं. बाकीचं सगळं लिहिलं आणि हे राहिलं तर लेख अपुरा राहील.

सुजाता गारगोटीजवळच्या एका खेड्यातली, व्हॉलीबॉल खेळणारी. ऑपरेशन होऊन, कुबड्या घेऊन आली तेव्हा कॉलेजच्या मधल्या वर्षात होती. बरोबर वडील. त्यांना सगळे अप्पा म्हणत. अप्पा एसटीत कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. सगळी नोकरी स्टँडवर गावांची नावं पुकारण्यात गेल्यामुळे त्यांचा आवाज माझ्या खोलीत मावत नसे. मी सुजाताला काही विचारलं की उत्तर अप्पांकडून यायचं.

"दुखतंय का ग?"

"दुकतंय की! रातीचं लई दुकतंय!"

"अप्पा, गुडघा तुमचा आहे का तिचा?"

"तिचाच हाय. पर ती बोलत न्हाय न्हवं."

गावात मुलींचा व्हॉलीबॉलचा संघ त्यांनीच उभा केला होता. ड्युटीवरून आले की खाकी कपड्यांतच मैदानावर. आधी लोक हसले, मग बघायला यायला लागले. सुजाता आठवी-नववीत असल्यापासून अप्पा मागच्या रेषेवर उभं राहून तिला सांगत आले: मार, टाक, लांब, जवळ. मार म्हणजे जोरात हाणायचा, टाक म्हणजे जाळीपलीकडे हळूच सोडायचा. पलीकडे कुठं मोकळी जागा आहे हे त्यांना आधी दिसायचं आणि तिनं ऐकलं की गुण मिळायचा. गुडघा गेला त्या दिवसाचं वर्णनही त्यांनीच केलं.

"जाळीवर एकदम वर हुती बगा. म्या बगितलं, म्होरं जागा मोकळी. म्हटलं, टाक! टाकला बी पोरीनं. चेंडू आत! म्या नाचाय लागलो. आनि मग बगतोय तर ही खाली पडल्याली. कुनी हात लावला न्हाय बाई. द्येवाशपत कुनी हात लावला न्हाय."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. सगळेच असं सांगतात.

पुढचे कितीतरी महिने सुजातानं जे केलं त्याला तोड नाही. गुडघा वाकवायचा म्हणजे डोळ्यांतून पाणी यायचं, पण तोंडातून चकार शब्द नाही. एसटीनं यायचं, व्यायाम करायचा, एसटीनं परत. कुबड्या सुटल्या, चालणं आलं, पळणं आलं, मग एक दिवस ती स्टुलावर चढली. मी तिच्या दोन्ही गुडघ्यांना टिकल्या लावल्या आणि ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "बाई, हळद तेवढी राहिली."

अप्पांना मी बाहेर बसवायला लागले होते. आत आले की ते ओरडायचे आणि बाकीच्या पेशंटना ताप. सुजाताची चाचणी मी जितकी अवघड करता येईल तितकी केली. ती हवेत असताना डावी, उजवी ओरडले, हवेत असताना चेंडू फेकला, टाळी वाजवली. आधी उतर, मग वळ. ती शिकली. टिकली सरळ ती सरळच. मांडीत ताकद आली होती. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनीही खेळायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. विद्यापीठाच्या संघाची निवड जवळ आली होती आणि तिचं कॉलेजचं ते शेवटचं वर्ष. ही निवड हुकली तर पुढे खेळायला संघच नव्हता. आणि खेळायला उतरून गुडघा पुन्हा गेला, तर खेळच नव्हता. शेवटचा होकार माझ्याकडून यायचा होता, आणि तो मी जवळपास दिलाच होता.

त्या दिवशी शेवटची म्हणून तिला स्टुलावर चढवलं. तेवढ्यात अप्पा डबा घेऊन दारात आले. आनंदी आनंद होता, मीही त्यांना थांबवलं नाही. सुजाता उडाली आणि अप्पा दारातून गरजले, "ढोपर वाकीव!"

टिकली आत गेली.

थोडी नाही, चांगली भसकन आत गेली. सुजातानं तोल सावरला म्हणून बरं, गादी होती म्हणून बरं. अप्पांना काही कळलंच नाही, ते डब्याचं झाकण उघडून कांदा कुठे आहे ते बघत होते. मी सुजाताला पुन्हा चढवलं आणि अप्पांना म्हटलं, आता मी खूण केली की ओरडा, काय वाटेल ते ओरडा. ती उडण्याआधी ओरडायला लावलं, टिकली सरळ. ती हवेत असताना ओरडायला लावलं, टिकली आत. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. मग ती हवेत असताना मी स्वतः ओरडले, तर टिकली सरळ.

आवाज तेवढ्याच उशिरा येत होता, पण माणूस बदललं की गुडघा बदलत होता. मला उलगडायला थोडा वेळ लागला. माझ्या हाकेला तिचं शरीर म्हणू शकत होतं, थांबा बाई, आधी उतरते. बापाच्या हाकेला तसं म्हणायची तिला सवयच नव्हती. ती हाक आली की स्वतःचं ठरलेलं सगळं सोडून द्यायचं आणि नवं करायला घ्यायचं, ते हवेतच. लहानपणापासून ती तशीच खेळली होती आणि जिंकलीही होती. त्या हाकेनंच तिला इतकी वर उडवली होती.

पुढच्या रविवारी मी गारगोटीला त्यांचा सराव बघायला गेले. वाटलं होतं तसंच. सुजाता जाळीवर गेली, हात मागे घेतला आणि मागच्या रेषेवरून हाक आली, "टाक! न्हाय न्हाय, मार!" ती कशीबशी एका पायावर उतरली. मला बघवेना. मी सराव थांबवायला सांगितला आणि अप्पांना घेऊन मैदानाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर गेले. सुजाताही मागोमाग आली.

आता सांगायचं कसं? गुडघ्याविषयी मी मंत्र्यालाही सुनावू शकते. पण ज्या माणसानं दिवसभर उभ्यानं नोकरी करून संध्याकाळी पोरींसाठी जाळी बांधली, त्याला त्याची हाकच वाईट आहे हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी पाहुणे, भाकरी, चूल सगळं सांगून पाहिलं. अप्पा म्हणाले, "आमच्यात पावण्याला आदी चा देत्यात." मग मी सरळच सांगितलं. ती हवेत असताना तुम्ही ओरडलात की तिला ऐकून बदलायला वेळ पुरत नाही आणि गुडघा आत जातो.

अप्पा चहाचा कप धरून बसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "म्हंजी ष्टॉप गेल्यावर घंटी मारल्यासारकं."

"म्हणजे?"

"आवो, ष्टॉप यायच्या आदी घंटी मारली की डायवर गाडी दमानं घेतोय. मागनं मारली की कचकन ब्रेक लावतोय. डायवर चांगला असू दे, गाडी नवी असू दे, आतली म्हातारी पडतीच." ते थांबले. कप खाली ठेवला. त्यांचा तो आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. "म्हंजी त्या दिशी... बाई, खरं सांगा. त्या दिशी म्या मागनं घंटी मारली व्हय?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "अप्पा, गुडघा एका कारणानं जात नाही. त्या दिवशी ती दमलेली असेल, मांडी कच्ची असेल, मैदान वाईट असेल. त्यात एक तुमची हाकही होती."

अप्पा तो कप बोटानं गोल फिरवत बसले. मला फार वाईट वाटलं, आजही ते बसलेले आठवले की वाटतं. सुजाता इतका वेळ बाकाच्या टोकाला बसून होती. जिच्या तोंडून मी वर्षभरात पुरतं बोलणं ऐकलं नव्हतं ती बोलली.

"अप्पा, तुमी वरडला म्हनून मी खेळाय लागले. न्हाईतर मी शेणं थापत बसले असते. आता फकस्त उडायच्या आदी वरडा. वर गेल्यावर माझं मला बगू द्या."

"आनि चुकलं म्हंजी?"

"चुकू दे की."

चहावाल्यानं त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत. त्यानं सगळं ऐकलं असणार. तसंही अप्पांचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही असं कधी होत नसे.

मग निवडीपर्यंत मी सुजाताऐवजी अप्पांना शिकवलं. मी त्यांना स्पष्ट म्हटलं, पोरीचे व्यायाम झाले, आता तुमच्या जिभेचे. तिचे पाय जमिनीवर आहेत तोवर काय ते बोला, पाय सुटले की ओठ बंद. वाचताना सोपं वाटेल. मैदानावर पोरीच्या बापाला हे जमत नाही. हाक त्यांच्या तोंडातून आपोआप निघायची, मग स्वतःच्याच तोंडावर हात मारून घ्यायचे. दात दाबून बघितले, रुमाल चावून बघितला. एकदा तोंड बंद ठेवलं तर पाय आपटला, आणि सुजाता पायाच्या आवाजालाही दचकली. शेवटी त्यांनीच उपाय काढला. ती पळत जाळीकडे निघाली की ते बाटलीतून पाण्याचा मोठा घोट घ्यायचे आणि गाल फुगवून धरून ठेवायचे. ती उतरली की गिळायचे. सराव संपेपर्यंत पोटात हंडाभर पाणी. मला म्हणाले, "बाई, वरडून कदी दुकला न्हाय तो घसा आता न वरडून दुकाय लागलाय."

सुजाताचंही सोपं नव्हतं. हाक यायची बंद झाली तसे पहिले काही दिवस तिचे चेंडू कुठेही जात होते. हवेत गेली की क्षणभर वाट बघायची, कुणी काही सांगतंय का म्हणून. हळूहळू ते थांबलं. ती आधीच ठरवून उडायला लागली, आणि ठरवलेलं बदलायचं असलं तर तिचं तीच बदलायला लागली. तेव्हा मी होकार दिला.

निवड कोल्हापुरातच होती. मी गेले. सुजातानं गुडघ्याच्या पट्ट्यावर साडीला लावतात तसली मोठी लाल टिकली स्वतः शिवून घेतली होती. बाकीच्या मुली हसत होत्या. अप्पा माझ्या शेजारी उभे, हातात पाण्याची बाटली, दुसरी पिशवीत. आजूबाजूला प्रत्येक मुलीच्या गावची माणसं होती आणि सगळी एकदम ओरडत होती. कोल्हापुरात मैदानाकडेला गप्प उभा असलेला बाप मी तो एकच पाहिला. एकानं त्यांना विचारलंही, "काय वो पावणं, पोरगी तुमची न्हवं?" अप्पांनी फुगलेल्या गालांनी नुसती मान हलवली.

शेवटाकडे एक चेंडू जाळीजवळ वाईट उचलला गेला, आखूड. सुजाता आधीच जाळीकडे पळत निघालेली होती. दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. पलीकडच्या दोघी तिच्यासमोर हात उंचावून वर आल्या. आमच्याकडचे सगळे ओरडले, मार, टाक, सोड, ज्याच्या जे तोंडात आलं ते. माझ्या शेजारून आवाज आला नाही. तिनं मागे घेतलेला हात मध्येच थांबवला, काहीतरी वेगळं केलं आणि खाली आली. दोन्ही पायांवर. गुडघे वाकले, भार घेतला, आणि ती लाल टिकली पायाच्या बोटांच्या रेषेत सरळ पुढे आली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. एवढ्या वर्षांत इतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही.

टाळ्या झाल्या, कुणीतरी शिट्टी मारली. चेंडूचं काय झालं ते मला माहीत नव्हतं. या धंद्यानं मला तेवढं एक व्यंग दिलं आहे, खेळ बघताना मला चेंडू दिसत नाही. म्हणून मी विचारायला अप्पांकडे वळले. त्यांनी तोंडातलं पाणी गिळलं. डोळ्यांतलंही बरंच खाली आलं होतं, ते बाहीनं पुसलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच मला विचारलं.

"बाई, चेंडू आत पडला काय वो? म्या टिकलीकडं बगत हुतो."

दोघांनाही ठाऊक नव्हतं. सुजाता आमच्याकडेच पळत येत होती, शेवटी तिलाच विचारलं. "आत पडला की!" ती म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून आम्हा दोघांकडे बघत राहिली. "मग तुमी दोघं काय बगत हुता?"